वस्ताद, तालीम आणि कॉलेजचे मैदान



'तालीम' हा शब्द आपल्या घरांतून रोज कानावर पडतो. मुलाला चांगली तालीम मिळावी, असे आपण म्हणतो तेव्हा आपल्या मनात वह्या, पुस्तके, परीक्षा आणि गुणपत्रिका असतात. हाच शब्द घेऊन तुम्ही कोल्हापूरला गेलात आणि 'इथे तालीम कुठे आहे?' असे विचारलेत, तर कोणीही तुम्हाला शाळेकडे नेणार नाही. तो तुम्हाला लाल मातीचा हौदा, भिंतीला टेकवलेले मुद्गल आणि घामाने निथळणारी पोरे दाखवील. शब्द एकच आहे. अरबीत त्याचा अर्थ शिक्षण आणि मराठीत त्याचा अर्थ कुस्तीची जागा. 'उस्ताद'चा मराठीत 'वस्ताद' झाला. 'कुस्ती' आणि 'पहिलवान' हे शब्दही फारसीतूनच आपल्या मराठीत आले आणि इथल्या मातीत असे रुजले की ते परके होते हे आज कोणाला आठवतही नाही.

पूर्वजांनी आखाड्याला शिक्षणाचे नाव दिले, ही मला मोठी अर्थपूर्ण गोष्ट वाटते. शरीर घडविणे हेही शिक्षणच आहे आणि ते घडविणारा वस्ताद हाही गुरुजीच आहे, हे त्या एका शब्दात सांगून ठेवले आहे. पुढे आपण ते विसरलो. म्हणून या स्मरणिकेच्या निमित्ताने मी तुम्हाला कॉलेजच्या मैदानावरील एका गुरुजींची हकीकत सांगणार आहे. त्यांचे नाव गोविंद पुरंदरे. ते कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात खेळाचे शिक्षक होते. त्यांच्या शिष्याचे नाव तुम्ही ऐकले असेल. ते होते खाशाबा जाधव, स्वतंत्र भारताला वैयक्तिक खेळातले पहिले ऑलिंपिक पदक मिळवून देणारे पहिलवान.

पण ही हकीकत नीट समजायची तर थोडे मागे जावे लागेल.

१९१९ साली पुण्याच्या डेक्कन जिमखान्यावर धावण्याच्या शर्यती झाल्या. जिमखान्याचे अध्यक्ष सर दोराबजी टाटा तेथे हजर होते. खेड्यांतून आलेले शेतकरी कुटुंबांतील तरुण अनवाणी धावत होते. शर्यतीचे नियम त्यांना ठाऊक नव्हते आणि धावण्याचे शास्त्र त्यांना कोणी शिकविलेले नव्हते. तरीही त्यांनी घेतलेला वेळ युरोपातील नामांकित धावपटूंच्या फारसा मागे नव्हता. सर दोराबजी थक्क झाले. त्यांच्या पुढाकाराने १९२० साली बेल्जियममधील अँटवर्पच्या ऑलिंपिकला सहा खेळाडूंचा छोटा संघ गेला. त्यात बेळगावकडचे फडेप्पा चौगुले होते. मॅरेथॉनसारख्या बेचाळीस किलोमीटरच्या शर्यतीत ते एकोणिसावे आले. त्याच संघात कुमार नवले आणि रणधीर शिंदे हे दोन पहिलवानही होते. शिंदे आपल्या वजनगटात चौथे आले. पदक एका पायरीने हुकले.

विद्यार्थी मित्रांनो, येथे क्षणभर थांबून विचार करा. अंगात बळ होते, छातीत दम होता आणि मनात जिद्दही होती. मग उणीव कशाची होती? उणीव होती ती या बळाला नियमांची, वेळेची आणि डावपेचांची भाषा शिकविणाऱ्या शिक्षकाची. गावचा वस्ताद गावची कुस्ती उत्तम शिकवीत असे. पण जगाची कुस्ती वेगळ्या नियमांनी चालत होती. ते नियम वाचणारा, समजून घेणारा आणि पोरांना समजावून देणारा दुवा त्या काळी आपल्याकडे नव्हता. हा दुवा तयार व्हायला आणखी बरीच वर्षे जावी लागली आणि तो तयार झाला शाळा-कॉलेजांच्या मैदानांवर.

या दुव्याची एक कडी आपल्या उपनगरातही आहे आणि तिची सुरुवात एका मुसलमान वस्तादापासून होते. बडोद्याला जुम्मादादा नावाचे एक नामवंत उस्ताद होते. त्यांच्या आखाड्यात तयार झालेले शिष्य म्हणजे राजरत्न माणिकराव. गुरूच्या पश्चात माणिकरावांनी तो आखाडा चालविला आणि त्याला गुरूचेच नाव राहू दिले. 'जुम्मादादा व्यायाम मंदिर' हे नाव पुढे दूरवर पसरले. एका उस्तादाचे नाव त्याच्या हिंदू शिष्याने आयुष्यभर मस्तकी धरावे, यात गुरुशिष्याच्या नात्याचा केवढा मोठा धडा आहे! याच माणिकरावांकडे १९०७ च्या सुमारास जगन्नाथ गणेश गुणे नावाचा एक तरुण शिकला. तेच पुढे स्वामी कुवलयानंद म्हणून प्रसिद्ध झाले आणि १९२४ साली त्यांनी लोणावळ्याला कैवल्यधाम ही संस्था काढली.

१९३७ साली मुंबई सरकारने शारीरिक शिक्षणाचा विचार करण्यासाठी समिती नेमली, तेव्हा तिचे अध्यक्षपद स्वामी कुवलयानंदांकडे आले. तोपर्यंत आपल्या बहुतेक शाळांत 'ड्रिल मास्तर' म्हणजे फौजेतून निवृत्त झालेला एखादा हवालदार असे. 'सावधान, विश्राम' झाले की त्याचे काम संपले. आता मात्र विचार असा पुढे आला की, जसा गणिताला शिकलेला शिक्षक लागतो, तसाच मैदानालाही लागतो. त्यातून १९३८ साली शारीरिक शिक्षणाच्या शिक्षकांना तयार करणारी सरकारी संस्था निघाली. ती कोठे निघाली? आपल्या कांदिवलीत! गाडीतून बोरिवलीकडे जाताना जे स्टेशन आपण रोज ओलांडतो, त्याच कांदिवलीत या इलाख्यातील शेकडो शाळांचे खेळाचे शिक्षक घडले. तेथे प्राचार्य राहिलेले पी. एम. जोसेफ हे पुढे १९५७ साली ग्वाल्हेरला निघालेल्या लक्ष्मीबाई शारीरिक शिक्षण महाविद्यालयाचे पहिले प्राचार्य झाले. म्हणजे देशाच्या मैदानाची एक पायवाट आपल्या दारावरून गेलेली आहे, हे आपण लक्षात ठेवले पाहिजे.

आता वळू या कोल्हापूरकडे.

राजर्षी शाहू महाराजांच्या कोल्हापुरात कुस्ती आणि शिक्षण हातात हात घालून वाढले. ज्या राजाने खासबागेचे विशाल कुस्ती मैदान बांधले, त्याच राजाने निरनिराळ्या समाजांच्या मुलांसाठी वसतिगृहे उभी केली. १९०६ साली मुसलमान विद्यार्थ्यांसाठी शिक्षणसंस्था आणि वसतिगृह काढण्यामागेही शाहू महाराजच होते. मुलाला पुस्तकही मिळावे आणि हौदाही मिळावा, अशी त्यांची दृष्टी होती. राजाराम कॉलेज तर त्याहून जुने, १९८० साली ज्याला शंभर वर्षे पूर्ण झाली असे. या कॉलेजात खेड्यापाड्यांतून आलेली शेतकऱ्यांची मुले शिकत आणि पहाटे उठून तालमीत मेहनतही करीत.

अशांपैकीच खाशाबा एक होते. त्यांचा जन्म १५ जानेवारी १९२६ रोजी कराडजवळच्या गोळेश्वर या गावी झाला. वडील दादासाहेब स्वतः पहिलवान. पाच भावंडांत खाशाबा धाकटे. मातीची पहिली ओळख वडिलांनीच करून दिली. कराडच्या टिळक हायस्कूलमध्ये शिक्षण घेऊन ते कोल्हापूरला आले आणि राजाराम कॉलेजात दाखल झाले. बाबूराव बलवडे आणि बेलापुरे गुरुजी यांच्याकडेही त्यांनी कुस्तीचे धडे गिरविले.

अंगकाठी मात्र लहान. कॉलेजच्या वार्षिक क्रीडास्पर्धेत त्यांनी कुस्तीसाठी नाव द्यायला जावे, तर 'हा एवढासा मुलगा काय लढणार?' म्हणून प्रथम त्यांना नकारच मिळाला, असे सांगतात. खाशाबा थेट प्राचार्यांकडे गेले. प्राचार्यांनी परवानगी दिली आणि या एवढ्याशा मुलाने आपल्याहून धिप्पाड पोरांना अस्मान दाखविले. पालकहो, ही आख्यायिका मी मुद्दाम सांगतो आहे. मुलाच्या अंगात काय आहे हे त्याच्या अंगकाठीवरून ठरत नाही, तसेच ते पहिल्या चाचणीच्या गुणांवरूनही ठरत नाही. एक दार बंद झाले तरी दुसरे उघडणारा कोणीतरी मोठा माणूस शाळा-कॉलेजात असावा लागतो.

याच कॉलेजात गोविंद पुरंदरे यांनी खाशाबांना मार्गदर्शन केले. हे काम किती अवघड होते, ते समजण्यासाठी मातीची कुस्ती आणि मॅटवरची कुस्ती यांतला फरक ध्यानात घ्यावा लागेल.

मातीत पाय रुततो. पकड घेताना माती अंगाला लावली की हात निसटत नाही. कुस्ती घड्याळावर चालत नाही. दोन्ही पहिलवान एकमेकांचा अंदाज घेत बराच वेळ खडाखडी करू शकतात. पाठ मातीला लागली, म्हणजे चीतपट झाली, की निकाल लागला. गुणांचा हिशेब नाही. वजनाचा काटाही पूर्वी फारसा कोणी पाहत नसे. गावच्या जत्रेत जोड लावताना पंच डोळ्यांनीच ठरवीत.

मॅटवर सगळेच उलटे. पायात बूट. खाली रुतणारी माती नाही, तर सरकणारी गादी. हद्द आखलेली. घड्याळ चालू. चीतपट झाली तर उत्तमच, पण नाही झाली तर पंच गुणांवर निकाल देणार. १९५२ च्या सुमारास तर अशी पद्धत होती की, प्रत्येक कुस्तीनंतर पहिलवानाच्या नावावर दोषगुण चढत आणि ते ठरावीक संख्येला पोचले की तो स्पर्धेतून बाद होई. म्हणजे नुसते जिंकून चालत नव्हते, कसे जिंकलो याचाही हिशेब ठेवावा लागे. वजनगट ठरलेला, तेव्हा शरीर त्या आकड्याच्या आत ठेवणे हेही एक तपच.

आता विचार करा, ज्या मुलाने लहानपणापासून मातीत घाम गाळला, त्याला हे सारे शिकवायचे कोणी? खुराक आणि मेहनत वस्ताद देईल. पण नियम समजून घेऊन त्यातला कोणता डाव चालतो, कोणता चालत नाही, पहिल्या मिनिटाला काय करायचे आणि शेवटच्या मिनिटाला काय, हे सांगणारा शिक्षक हवा. एकेरी पट, दुहेरी पट, ढाक हे डाव आपल्या पोरांना ठाऊक होतेच. तेच डाव घड्याळाच्या आत आणि हद्दीच्या आत बसविणे, हे काम कॉलेजातील खेळाच्या शिक्षकाचे होते. वस्तादाचे ज्ञान त्याने पुसून टाकायचे नव्हते, त्यावर नवा मजला चढवायचा होता. माझ्या मते शिक्षकाचे खरे काम हेच. घरून मूल जे घेऊन येते, त्याचा मान राखून त्याला जगाच्या नियमांशी ओळख करून देणे. खेळातही हेच आणि भाषा-गणितातही हेच.

१९४८ साली लंडनला ऑलिंपिक झाले. कोल्हापूरच्या महाराजांनी खर्च दिला आणि खाशाबा तेथे गेले. लंडनमध्ये त्यांना अमेरिकेचे माजी लाइटवेट विजेते रीस गार्डनर यांचेही मार्गदर्शन लाभले. सर्वांत हलक्या वजनगटात, म्हणजे ५२ किलोच्या आतील पहिलवानांत, खाशाबा सहावे आले. मॅटवरच्या कुस्तीचा सराव फारसा नसलेल्या मुलाने पहिल्याच परीक्षेत जगात सहावा क्रमांक मिळविला. एखादा असता तर 'पुष्कळ झाले' म्हणून थांबला असता. खाशाबांनी पुढची चार वर्षे आणखी कठोर मेहनत केली आणि वजनगटही वाढविला.

१९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकला जायची वेळ आली, तेव्हा दोन अडचणी उभ्या राहिल्या. पहिली निवडीची. मद्रासच्या राष्ट्रीय स्पर्धेत आपल्याला अन्यायाने एक गुण कमी दिला गेला, अशी खाशाबांची तक्रार होती. त्यांनी पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली, पुन्हा लढत झाली आणि प्रतिस्पर्धी निरंजन दास यांना हरवून त्यांनी आपली जागा मिळविली, असे त्यांच्या चरित्रात सांगितले जाते. अन्याय झाला तर रडत बसू नये आणि शिवीगाळही करू नये, सनदशीर मार्गाने दाद मागावी आणि संधी मिळताच मैदानात उत्तर द्यावे, हा धडा विद्यार्थ्यांनी यातून जरूर घ्यावा.

दुसरी अडचण पैशाची. फिनलंडपर्यंतचा प्रवास म्हणजे थोडाथोडका खर्च नव्हता. गोळेश्वर-कराडच्या लोकांनी वर्गणी काढली. ज्याला जे जमेल ते त्याने दिले. तरी रक्कम पुरेना. तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्यपद भूषविलेले खर्डेकर पुढे आले. त्यांनी आपले घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. १९५२ सालचे सात हजार! एका शिक्षकाने आपल्या विद्यार्थ्यासाठी राहते घर गहाण ठेवावे आणि तेही शिष्यवृत्तीच्या परीक्षेसाठी नव्हे, पदवीसाठी नव्हे, तर एका कुस्तीसाठी! ज्या काळात खेळाला वेळेचा अपव्यय समजत, त्या काळात एका प्राचार्याला ती कुस्ती शिक्षणाइतकीच मोलाची वाटली. मला स्वतःला शिक्षक म्हणून ही गोष्ट वाचताना दरवेळी मान खाली घालावीशी वाटते.

हेलसिंकीत ५७ किलोच्या आतील गटात अनेक देशांचे पहिलवान उतरले होते. खाशाबांनी कॅनडाचा पोलिक्विन, मेक्सिकोचा बासुर्तो आणि जर्मनीचा श्मिट्झ यांना हरविले. पुढे जपानच्या शोहाची इशी याच्याशी गाठ पडली. ही कुस्ती लांबली, खूप दमविणारी झाली आणि खाशाबा ती हरले. त्यानंतर लगेचच त्यांना सोव्हिएत संघाच्या रशीद मामेदबेकोव याच्याशी लढायला बोलावण्यात आले. दोन कुस्त्यांच्या मध्ये अर्धा तास विश्रांती मिळाली पाहिजे, असा नियम होता. पण तो नियम दाखवून खाशाबांच्या वतीने भांडायला आपला एकही अधिकारी त्या वेळी मॅटजवळ नव्हता, असे सांगितले जाते. दमलेला पहिलवान पुन्हा उभा राहिला आणि हरला. इशीला सुवर्णपदक मिळाले, मामेदबेकोवला रौप्य आणि आपल्या खाशाबांना कांस्य. तो दिवस होता २३ जुलै १९५२.

वाचकहो, या लेखाचा सारा अर्थ मला त्या अर्ध्या तासात दिसतो. बळ होते, कौशल्य होते, हिंमत होती. गैरहजर होता तो कुस्तीचे नियम जाणणारा, आपल्या पोराच्या बाजूने उभा राहणारा शिक्षक. कोल्हापूरच्या मैदानावर पुरंदरे होते, मॅटच्या कडेला त्या घटकेला कोणी नव्हते. 'थांबा, या मुलाला विसावा द्या' एवढे एक वाक्य म्हणणारा माणूस असता, तर पदकाचा रंग कदाचित निराळा झाला असता. खेळाचा शिक्षक कशाला हवा, असे कोणी विचारले तर त्याला ही हकीकत सांगावी.

खाशाबा परतले तेव्हा कराडला शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. एरवी पंधरा मिनिटांत कापले जाणारे अंतर कापायला त्या दिवशी सात तास लागले म्हणे. पण मिरवणुकीची धूळ बसल्यावर खाशाबांनी काय केले, ते अधिक महत्त्वाचे. त्यांनी कोल्हापुरात कुस्त्यांचे मैदान भरविले, स्वतः लढले आणि त्या उत्पन्नातून प्राचार्यांचे कर्ज फेडले. गहाण पडलेले घर गुरूला परत मिळाले. पदकापेक्षा या कृतीचे मोल मला कमी वाटत नाही.

पुढे १९५५ साली ते पोलीस खात्यात सब-इन्स्पेक्टर म्हणून लागले. पोलीस दलात खेळाडूंना शिकविण्याचे कामही त्यांनी केले आणि सहायक पोलीस आयुक्त या हुद्द्यापर्यंत पोचून ते निवृत्त झाले. १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्त्यावरील अपघातात त्यांचे निधन झाले. अर्जुन पुरस्कार त्यांना मरणोत्तर, २००० सालासाठी देण्यात आला. त्यांच्यानंतर भारताला वैयक्तिक पदक मिळायला १९९६ साल उजाडावे लागले. म्हणजे मध्ये चव्वेचाळीस वर्षे गेली. शिष्याची ही कथा, तर मग शिक्षकाची काय? चांगल्या प्रशिक्षकांना गौरविणारा द्रोणाचार्य पुरस्कार देशात सुरू झाला तो १९८५ साली. तोपर्यंत कॉलेजच्या मैदानावर उन्हात उभे राहून आयुष्य घालविणाऱ्यांच्या वाट्याला शिष्याचा नमस्कार हाच पुरस्कार होता.

शिक्षकातून प्रशिक्षक घडल्याचे आणखी एक उदाहरण आपल्या समाजातील मुलांना माहीत असावे म्हणून सांगतो. हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम यांनी उस्मानिया विद्यापीठाची पदवी घेतली आणि ते शाळेत शिक्षक झाले. मुलांना शिकवता शिकवता त्यांनी शारीरिक शिक्षणाचाही अभ्यास केला आणि पुढे ते फुटबॉलचे प्रशिक्षक झाले. लोक त्यांना आदराने 'रहीमसाहेब' म्हणत. त्यांच्या हाताखाली भारतीय संघाने १९५१ आणि १९६२ अशा दोन आशियाई स्पर्धांत सुवर्णपदक मिळविले आणि १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथा क्रमांक पटकावला. १९६२ साली जकार्ता येथे दक्षिण कोरियाविरुद्ध अंतिम सामना खेळला गेला, तेव्हा रहीमसाहेब कर्करोगाने पोखरले गेले होते. पुढच्याच वर्षी, १९६३ च्या जूनमध्ये, ते गेले. खडू हातात धरणारा माणूस मैदानावर काय करू शकतो, याचा हा दाखला आहे.

आता आपल्या स्वतःच्या दाराकडे पाहू.

आपण अंधेरी, जोगेश्वरी, घाटकोपर, मुलुंड, बोरिवली अशा उपनगरांत राहतो. १९३० साली जोगेश्वरीच्या टेकडीवर इस्माईल युसुफ कॉलेज उभे राहिले, ते सर महंमद युसुफ यांच्या आठ लाख रुपयांच्या देणगीतून आणि ते उभे राहिले मोकळ्या, विस्तीर्ण जागेवर. तो काळ जागेच्या मुबलकतेचा होता. आज आपल्या मुलांना चाळीच्या गल्लीत किंवा इमारतींच्या मधल्या पट्ट्यात खेळावे लागते. कितीतरी शाळांना मैदान नाही आणि जेथे आहे तेथे दहावीच्या वर्षी खेळाचा तास गणिताला दिला जातो. असे करा म्हणून कित्येकदा पालकच आग्रह धरतात. त्यांचा हेतू वाईट नसतो. मुलाने शिकावे, चांगल्या नोकरीला लागावे, घरची गरिबी सरावी, हीच त्यांची तळमळ असते. मी एका गोष्टीकडे मात्र लक्ष वेधू इच्छितो. खाशाबांनी कुस्तीसाठी शिक्षण सोडले नाही. ते शिकत राहिले आणि लढतही राहिले. त्यांना पोलीस खात्यात स्थान मिळाले, ते शिक्षण आणि खेळ या दोहोंच्या बळावर. पुस्तक आणि मैदान हे सवतीसारखे भांडत नाहीत, भांडण आपण लावून देतो.

मुलींच्या बाबतीत तर आपण अधिकच हात आखडता घेतो. १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये कोल्हापूर जिल्ह्याच्याच स्वप्नील कुसाळे यांनी नेमबाजीत कांस्यपदक जिंकले. खाशाबांनंतर तब्बल बहात्तर वर्षांनी महाराष्ट्राच्या खेळाडूला वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळाले. त्यांच्या प्रशिक्षक आहेत दीपाली देशपांडे, ज्या स्वतः २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये नेमबाज म्हणून उतरल्या होत्या. म्हणजे बहात्तर वर्षांनी वस्तादाच्या जागी एक बाई उभ्या राहिल्या आणि त्यांनी शिष्य घडविला. ज्या मुलीला आज आपण 'आता मोठी झालीस, खेळ पुरे' म्हणून घरी बसवितो, ती उद्याची वस्ताद असू शकेल, याचा विचार आईबापांनी करावा.

तेव्हा पालकहो, माझी आपल्याकडे मोठी मागणी नाही. पालक-सभेला याल तेव्हा वर्गशिक्षकांना भेटता, तसे खेळाच्या शिक्षकांनाही भेटा. आपल्या मुलाचा दम कसा आहे, तो हरल्यावर कसा वागतो, दुसऱ्याला चेंडू देतो की नाही, हे त्यांना विचारा. गुणपत्रिकेत न सापडणारी पुष्कळ माहिती तुम्हाला तेथे मिळेल. खेळाचा तास बुडवा असे सांगण्यापेक्षा, तो नीट घेतला जातो की नाही याची चौकशी करा. संस्थाचालकांनीही नव्या इमारतीचा नकाशा पाहताना प्रथम मैदानाची जागा राखावी आणि मग खोल्या मोजाव्यात.

आणि विद्यार्थी मित्रांनो, तुम्ही प्रत्येकजण ऑलिंपिकला जाणार नाही. त्याची गरजही नाही. पण आपल्या अंगात काय आहे हे ओळखणारा एखादा शिक्षक प्रत्येकाच्या वाटेवर कधी ना कधी येतो. तो कदाचित फळ्यासमोर भेटेल, कदाचित शिट्टी गळ्यात अडकवून उन्हात उभा असेल. त्याला ओळखा, त्याचे ऐका आणि यश मिळाल्यावर त्याचे घर गहाण पडले असेल तर ते सोडवून द्यायला विसरू नका. पदकांच्या यादीत गोविंद पुरंदरे यांचे नाव नाही, प्राचार्य खर्डेकरांचेही नाही. पण त्या दोघांशिवाय ती यादी बहुधा रिकामी राहिली असती. अशी माणसे आपल्या शाळांत असावीत, टिकावीत आणि त्यांना योग्य तो मान मिळावा, एवढीच इच्छा व्यक्त करून मी आपली रजा घेतो.